वाडा जपताना वाड्यात राहणाऱ्यांचाही विचार व्हावा : वारसा संवर्धन समित्यांना खुले पत्र

प्रति,
राज्यातील महापालिका व नगरपरिषदांच्या वारसा संवर्धन समित्यांचे सन्माननीय अध्यक्ष व सदस्य,
तसेच नगरविकास विभाग, महाराष्ट्र शासन

विषय : वारसा यादीतील घरांमध्ये उष्णतारोधन, वायुवीजन आणि वीजबचतीची कामे करण्यासाठी स्पष्ट नियम व्हावेत, याबाबत.

सन्माननीय महोदय, महोदया,

मी राज्यातल्या एका जुन्या शहराच्या पेठेत, वारसा यादीत नोंद असलेल्या वाड्यात राहते. दगडी जोते, त्यावर पांढऱ्या मातीच्या भेंड्यांच्या, म्हणजे न भाजलेल्या मातीच्या ठोकळ्यांच्या, जाड भिंती, सागवानी खण, मधे चौक आणि माडीवर मंगलोरी कौले, असे हे घर आहे. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून त्याची झाडलोट, डागडुजी आणि पावसाळ्याआधीची शाकारणी मी पाहत आले आहे, आणि हे घर टिकावे अशी माझी मनापासून इच्छा आहे. पेठेतले एकेक वाडे पडून तिथे पार्किंगवर उभ्या असलेल्या इमारती आल्या, तेव्हा बिल्डरांचे निरोप आमच्याकडेही आले आणि आम्ही ते नाकारले. वारसा यादीत नाव आले, तेव्हा घरातल्या सगळ्यांना आनंदच झाला होता.

हे पत्र लिहिण्याचे कारण एका अर्जावरचा शेरा आहे. माडीवर माझ्या वृद्ध सासूबाई राहतात. उन्हाळ्यात दुपारनंतर तिथे बसवत नाही, म्हणून कौलांच्या खाली आणि तक्तपोशीच्या, म्हणजे आतल्या लाकडी फळ्यांच्या छताच्या, वर जी पोकळी आहे, तिथे उष्णतारोधक थर घालण्याची परवानगी आम्ही मागितली. हे काम रस्त्यावरून दिसणारे नव्हते, चौकातून दिसणारे नव्हते, इतकेच काय, माडीत उभे राहूनही दिसणारे नव्हते. बरेच हेलपाटे घातल्यावर अर्ज परत आला, आणि त्यावर लिहिले होते की प्रस्तावामुळे वास्तूच्या मूळ स्वरूपात बदल संभवतो. कोणता बदल, कुठे आणि कसा, याविषयी एक ओळही नव्हती. जुन्या घरांत राहणाऱ्या इतर कुटुंबांशी बोलल्यावर लक्षात आले की थोड्याफार फरकाने हाच अनुभव अनेकांचा आहे, म्हणून संबंधित कार्यालयाचे नाव न घेता हा विषय आपणा सर्वांपुढे मांडत आहे.

प्रथम ही घरे तापतात का आणि कुठून, हे सांगणे आवश्यक आहे, कारण नियम करताना नेमका हाच भाग सुटला आहे असे मला वाटते. भेंड्यांची हातभर जाड भिंत दिवसभराची उष्णता सावकाश शोषते आणि आत पोहोचवायला कित्येक तास लावते, त्यामुळे भर दुपारी माजघर थंड असते. चौकातून रात्री गरम हवा वर निघून जाते आणि पहाटेपर्यंत भिंती पुन्हा निवतात. हे सगळे बांधणाऱ्यांना ठाऊक होते. ज्या भागाचा बंदोबस्त त्यांना पुरेसा करता आला नाही तो म्हणजे छप्पर. मे महिन्यात शून्य सावलीचा दिवस महाराष्ट्रातल्या गावोगावी येऊन जातो, म्हणजे माध्यान्हीचा सूर्य अक्षरशः डोक्यावर असतो, आणि त्या दिवसांत भिंतींपेक्षा कितीतरी जास्त ऊन छपरावर पडते. आमच्या माडीत दुपारी तीनच्या सुमारास तक्तपोशीच्या फळीला हात लावला तर ती तव्यासारखी तापलेली लागते. पंखा तीच हवा खाली ढकलत राहतो. सायंकाळी बाहेर वारा सुटला तरी फळ्यांची धग रात्री जेवणे होईपर्यंत उतरत नाही.

पूर्वी या उष्णतेला वाट होती. आढ्याजवळच्या त्रिकोणी भिंतीत जाळ्या होत्या, कौलांच्या फटींतून हवा निघून जात असे, माडीच्या खिडक्यांना झिलमिलीच्या, म्हणजे तिरप्या लाकडी पट्ट्यांच्या, झडपा होत्या. आज कबुतरांमुळे जाळ्या बुजवल्या गेल्या आहेत, शेजारच्या उंच इमारतींनी वारा अडवला आहे, आणि झडपा कुजल्यावर बहुतेकांनी अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवल्या आहेत. सरकती खिडकी कशीही उघडली तरी अर्धीच उघडते, हे साधे गणित आहे. जुनी दुपाखी खिडकी पूर्ण उघडत असे आणि बंद ठेवली तरी झिलमिलीतून वारा येत असे. मग उकाडा वाढतो, वातानुकूलन यंत्र येते, त्याचा बाहेरचा भाग दर्शनी भिंतीवर, नक्षीच्या लाकडी तुळईशेजारी लटकतो, आणि त्याच्या पाण्याची नळी भेंड्याच्या भिंतीवर सोडलेली असते. हे चित्र कोणत्याही जुन्या पेठेत, मुंबईत गिरगावातल्या खोताच्या वाडीत किंवा नाशिकच्या जुन्या गावठाणात, आपण सर्वांनी पाहिलेले आहे.

आता माझ्या तक्रारी.

माझी सर्वांत गंभीर तक्रार अशी की, आपले नियम घराचे रूप ओळखतात, घराचे कार्य ओळखत नाहीत. मुंबईत 1995 साली वारसा नियमावली लागू झाली आणि वास्तूंच्या महत्त्वानुसार श्रेणी (1 सर्वांत महत्त्वाची, मग 2 अ, 2 ब आणि 3) ठरवण्याची तिच्यातली रचना पुढे राज्यात इतरत्र आदर्श मानली गेली. त्या नियमांनुसार सूचीबद्ध वास्तूत भर घालणे, बदल करणे, दुरुस्ती, नूतनीकरण, एवढेच नव्हे तर रंगकाम आणि गिलावा यांनाही पूर्वपरवानगी लागते. त्या काळी वारसा वास्तू रातोरात पाडल्या जात होत्या, तेव्हा इतका कडक नियम गरजेचाच होता आणि तो करणाऱ्यांचे आपल्यावर ऋण आहे. परंतु त्याच नियमांत श्रेणी 3 च्या वास्तूंत अंतर्गत आणि बाह्य बदल सर्वसाधारणपणे मान्य करावेत, आणि श्रेणी 2 अ मध्ये अंतर्गत बदल छाननीनंतर मान्य करावेत, असेही तत्त्व आहे. प्रत्यक्षात मात्र अर्ज तपासणाऱ्यासमोर उष्णतारोधन, वायुवीजन किंवा वीजबचत यांविषयी कोणतीही कसोटी नसते, त्यामुळे संशय आला की नकार देणे हाच त्याला सुरक्षित मार्ग वाटतो. मी त्या कर्मचाऱ्याला दोष देत नाही. कसोटी देण्याचे काम आपले होते.

याचा परिणाम असा झाला आहे की, जे अर्ज करतात ते अडकतात आणि जे अर्ज करत नाहीत त्यांचे काम होऊन जाते. आमच्याच आळीत एका घरावरची कौले उतरवून रंगीत पत्रा घातला गेला, एका घराच्या मातीच्या भिंतींना आतून बाहेरून सिमेंटचा गिलावा झाला. दोन्ही कामे परवानगीशिवाय झाली आणि दोन्हींनी घराचे नुकसान केले. पत्र्याखाली उकाडा कमी होण्याऐवजी वाढला. सिमेंटच्या गिलाव्याचे नुकसान अधिक खोल आहे. मातीची आणि चुन्याची भिंत पावसाळ्यात ओल घेते आणि नंतर ती बाहेर सोडते. सिमेंटने तिचा श्वास कोंडला की ओल आतच राहते, भेंडे सुटे होऊ लागतात आणि भिंतीत रोवलेली तुळयांची टोके कुजतात. शिवाय ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा उष्णता जास्त वाहून नेते, म्हणजे घर टिकण्याच्या दृष्टीने जे वाईट आहे, तेच विजेच्या बिलाच्या दृष्टीनेही वाईट आहे. चुन्याचे काम जाणणारा गवंडी मिळणे आधीच अवघड, त्यात परवानगीचा घोळ, मग माणूस कोपऱ्यावरच्या दुकानातून सिमेंटची गोणी आणून मोकळा होतो.

ज्यांची घरे केंद्र सरकारने संरक्षित केलेल्या स्मारकांजवळ आहेत, त्यांची स्थिती याहून बिकट आहे. प्राचीन स्मारकांविषयीच्या 1958 च्या केंद्रीय कायद्यात 2010 साली झालेल्या दुरुस्तीनुसार स्मारकापासून 100 मीटरपर्यंत प्रतिषिद्ध क्षेत्र आणि त्यापुढे 200 मीटर नियंत्रित क्षेत्र असते. पुण्यात शनिवारवाड्याभोवतीच्या राहत्या वस्तीला हा कायदा लागू आहे. 16 जून 1992 पूर्वीच्या घरांची दुरुस्ती आणि नूतनीकरण तिथे परवानगीने करता येते, परंतु ती परवानगी वेगळ्या यंत्रणेकडून घ्यावी लागते. घर स्वतःही सूचीबद्ध असेल, तर एका छपराच्या कामासाठी दोन दारे ठोठवावी लागतात. कायद्याच्या हेतूविषयी माझा वाद नाही. पण कौलाखालच्या थराने किंवा दुरुस्त केलेल्या खिडकीने कोणत्या स्मारकाला बाधा येते, हे मला समजलेले नाही.

दुसरीकडे, ऊर्जाबचतीची धोरणे आखणाऱ्यांनी जुन्या घरांचा विचारच केलेला दिसत नाही. निवासी इमारतींसाठी केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने डिसेंबर 2018 मध्ये इको निवास संहिता आणली. छतातून आणि भिंतींतून किती उष्णता आत यावी याच्या मर्यादा तिच्यात आहेत, आणि ते पाऊल स्वागतार्ह आहे. पण ती 500 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडांवरच्या प्रकल्पांना समोर ठेवून लिहिलेली आहे. पेठेतला चिंचोळा, खोल वाडा तिच्यात कुठे बसत नाही. 2024 च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत 3 किलोवॉट किंवा अधिक क्षमतेच्या घरगुती संचाला 78,000 रुपयांचे अनुदान आहे. आमच्यासारख्या घरांना त्याचा लाभ घेणे दुरापास्त आहे, कारण मिळकत पत्रिकेवर चुलत घराण्यांची सगळी नावे असतात, त्यांतली काही माणसे परदेशी असतात, तळमजल्यावर पिढ्यानपिढ्यांचे भाडेकरू असतात आणि छपरावर हक्क कोणाचा, हे कागदावर एका वाक्यात सांगता येत नाही. त्यावर वारसा परवानगीचा प्रश्न वेगळाच. छपराच्या चौकाकडच्या पाख्यावर, म्हणजे उतरत्या बाजूवर, बसवलेले सौर पॅनेल रस्त्यावरून दिसत नाही, तरीही ते दिसेल असे गृहीत धरले जाते.

भाडेकरूंविषयी येथे दोन शब्द लिहिणे भाग आहे. जुन्या घरांत वीजबिल भाडेकरू भरतो आणि छप्पर मालकाचे असते. मालकाने खर्च केला तर बचत भाडेकरूची होते, आणि मिळणारे भाडे इतके नगण्य असते की त्यातून खर्च निघणे शक्य नाही. भाडेकरूने खर्च करावा, तर उद्या घर राहील की नाही याचीच त्याला खात्री नसते. आमच्या खालच्या बिऱ्हाडातल्या काकू दोन जुने पंखे दिवसरात्र चालवतात. जुना पंखा साधारण 75 वॉट घेतो, नव्या प्रकारचा ब्रशविरहित मोटरचा पंखा जवळपास 30 वॉटमध्ये तेवढाच वारा देतो. ही माहितीसुद्धा त्यांच्यापर्यंत कोणत्या योजनेतून पोहोचलेली नाही.

मला येथे एक गैरसमज दूर करायचा आहे. ऊर्जाबचत म्हणजे घर सीलबंद करणे, दुहेरी काचा लावणे, भिंतींना बाहेरून फोम चिकटवणे, अशी कल्पना थंड देशांतल्या घरांवरून आली आहे आणि तिला आपण विरोध केलात तर मी आपल्याच बाजूने उभी राहीन. आपल्या हवामानात, विशेषतः कोकणात आणि घाटमाथ्यावर, पावसाळ्यातली दमट हवा आत कोंडली तर लाकडाला बुरशी आणि वाळवी लागायला वेळ लागत नाही. आपल्याला हवे आहे ते ऊन बाहेर ठेवणे आणि वारा खेळता ठेवणे. आणि त्यासाठी लागणाऱ्या बहुतेक गोष्टी या वास्तूंमध्ये मुळातच आहेत. मुंबईच्या ओव्हल मैदानालगतच्या आर्ट डेको इमारतींना 2018 साली जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. त्यांच्या खिडक्यांवरचे भुवईसारखे छज्जे हे सुंदर आहेतच, पण ते उन्हाची तिरीप काचेवर पडू न देण्यासाठी आहेत. आमच्या ओसरीचा खोल वळचणीचा भाग, गोव्यातल्या जुन्या घरांच्या पुढच्या ओसऱ्या, कोकणातल्या घरांची पडवी, हे सगळे याच कामासाठी आहेत. त्या छज्ज्यांखालचे सज्जे काचेने बंद होतात, ओसऱ्यांना शटर लागतात, तेव्हा घराचे सौंदर्य आणि घराचा गारवा हे दोन्ही एकाच वेळी जातात. म्हणूनच माझे म्हणणे आहे की वीजबचत आणि वारसा जतन ही कामे परस्परविरोधी नाहीत. मूळची झिलमिल दुरुस्त करणारा सुतार ही दोन्ही कामे एकदमच करत असतो.

ही घरे कधीच गोठलेली नव्हती, हेही आपल्याला माहीत आहे. आज आपण ज्यांना वारसा म्हणून जपतो ती मंगलोरी कौले बासेल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रचारक संस्थेने 1865 साली मंगळुरात कारखाना काढल्यानंतर पसरली आणि अनेक घरांवर त्यांनी हाताने घडवलेल्या नळीच्या कौलांची जागा घेतली. पुढे नळ आले, विजेचे दिवे आले, त्यांच्या तारा सागवानी पट्ट्यांवरून फिरल्या. त्या त्या काळच्या मालकांनी घर राहते ठेवण्यासाठी हे बदल केले, म्हणून घरे आपल्यापर्यंत पोहोचली. रिकामे पडलेले घर किती लवकर ढासळते, हे आपल्या सर्वेक्षणांतच नोंदलेले असेल.

इतरत्र याविषयी काही घडते आहे, त्याचाही अभ्यास व्हावा. अहमदाबादने 2010 च्या उष्णतेच्या लाटेनंतर 2013 मध्ये उष्मा कृती आराखडा केला आणि पुढे पांढऱ्या, ऊन परतवणाऱ्या छतांचा कार्यक्रम हाती घेतला. त्याच शहराचा जुना तटबंदीतला भाग 2017 पासून जागतिक वारसा आहे. तेलंगणाने 2023 साली शीतल छतांचे स्वतंत्र धोरण जाहीर केले. इंग्लंडमध्ये ऐतिहासिक वास्तूंची काळजी घेणाऱ्या हिस्टॉरिक इंग्लंड या संस्थेने जुन्या इमारतींच्या ऊर्जाबचतीसाठी कोणते बदल मान्य होण्यासारखे आहेत, याची सल्ला-पुस्तिका 2024 मध्ये काढली. ती जशीच्या तशी येथे लागू होणार नाही, पण अर्जदार आणि अधिकारी या दोघांसमोर एकच लिखित कागद असण्याचा फायदा तिथे जसा होतो, तसा येथेही होईल.

यावरून माझ्या मागण्या अशा आहेत.

कोणत्या कामांना परवानगीची गरज नाही, याची यादी आपण प्रसिद्ध करावी. कौलांखाली किंवा तक्तपोशीवर घातलेला आणि मूळ लाकडाला धक्का न लावता काढता येणारा उष्णतारोधक थर, मूळ खिडक्या-झडपांची त्याच लाकडात दुरुस्ती, बुजवलेल्या जाळ्या उघडून त्यांना पक्ष्यांसाठी तारेची जाळी बसवणे, चुन्याचा गिलावा आणि चुन्याच्या निवळीचा हात, बाहेरून सोडायचे बांबूचे किंवा वाळ्याचे पडदे, मागच्या सपाट गच्चीवरचा पांढरा लेप, आणि घरातल्या विद्युत जोडणीचे नूतनीकरण ही कामे या यादीत असावीत. श्रेणी 1 च्या वास्तूंसाठी यादी वेगळी आणि आखूड असली तरी चालेल.

ज्या कामांना परवानगी लागेल त्यांचा निर्णय 30 दिवसांत व्हावा, आणि नकार असेल तर त्याची कारणे व पर्याय लेखी द्यावेत. "मूळ स्वरूपात बदल संभवतो" हे कारण नाही. केंद्रीय स्मारकाजवळच्या घरांसाठी दोन्ही यंत्रणांचा एकच अर्ज असावा आणि यासाठी राज्य शासनाने केंद्राशी बोलणे करावे.

सार्वजनिक रस्त्यावरून न दिसणाऱ्या पाख्यावर सौर पॅनेल बसवण्यास तत्त्वतः मान्यता द्यावी, मात्र छपराचे वासे ते वजन पेलतील असा संरचना अभियंत्याचा दाखला बंधनकारक करावा. सहहिस्सेदार आणि भाडेकरू असलेल्या मिळकतींना अनुदान मिळण्यासाठी संमतीचा साधा नमुना नगरविकास आणि ऊर्जा या दोन्ही विभागांनी मिळून ठरवावा.

वातानुकूलन यंत्रांच्या बाहेरच्या भागांसाठी जागा ठरवून द्यावी. दर्शनी भिंतीवर ते नकोत, हे मला पूर्ण मान्य आहे. पण मग चौकात, मागच्या बोळात किंवा गच्चीवर ते कसे ठेवावेत आणि त्यांचे पाणी कुठे सोडावे, हे आपण सांगितले पाहिजे. पोटमाळ्यात ज्यांना थर घालता येत नाही, त्यांच्या घरी हे यंत्र येणारच आहे.

आपल्या समित्यांवर वास्तुविशारद, संरचना अभियंता आणि इतिहासाचे अभ्यासक असतात. त्यांच्या जोडीला इमारतींतल्या उष्णतेचा आणि ओलीचा अभ्यास असणारी एक व्यक्ती, आणि सूचीबद्ध घरात प्रत्यक्ष राहणारी एक व्यक्ती घ्यावी. दुसऱ्या नेमणुकीचा मी विशेष आग्रह धरते, कारण ज्या घरात माणसे स्वयंपाक करतात, आजारी पडतात, रात्री झोपतात, त्या घराविषयी फक्त छायाचित्रांवरून निर्णय होऊ नयेत.

पैशाचाही प्रश्न आहे आणि तो टाळून चालणार नाही. चुन्याचे काम सिमेंटपेक्षा महाग पडते, जुनी झडप दुरुस्त करणे नवी अॅल्युमिनियमची खिडकी बसवण्यापेक्षा महाग पडते. पुणे महापालिका सौरऊर्जा, गांडूळखत आणि पर्जन्यजल संधारण करणाऱ्यांना मिळकत करात सवलत देते. तशीच सवलत सूचीबद्ध घरात मान्य पद्धतीने केलेल्या उष्णतारोधनाला आणि मूळ खिडक्यांच्या दुरुस्तीला राज्यभर मिळावी. चुन्याचे काम जाणणारे गवंडी आणि झिलमिली करणारे सुतार यांची शहरवार नोंदणी करून त्यांच्या हाताखाली नवी मुले शिकतील अशी व्यवस्था औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमार्फत करावी.

शेवटची मागणी मोजमापाची आहे. नियम करण्यापूर्वी प्रत्येक शहरात वेगवेगळ्या श्रेणींची काही राहती घरे निवडावीत, त्यांत उन्हाळ्याआधी तापमान आणि आर्द्रता नोंदणारी साधी यंत्रे ठेवावीत, काही घरांत वर सांगितलेली कामे करावीत आणि काहींत करू नयेत, आणि पावसाळा संपेपर्यंतच्या नोंदी अभियांत्रिकी महाविद्यालयांकडून तपासून जाहीर कराव्यात. थरामुळे लाकूड ओल धरते असे त्यातून दिसले, तर मी माझी पहिली मागणी मागे घेईन. पण कोणतीही नोंद नसताना केलेला नकार मला मान्य नाही.

या पाहणीसाठी आमचे घर, माडी आणि पोटमाळा धरून, उपलब्ध आहे. आपले प्रतिनिधी एप्रिल किंवा मे महिन्यात दुपारी यावेत, अशी विनंती आहे. या पत्राचे उत्तर आपण मला वैयक्तिक न देता जाहीरपणे द्यावे, म्हणजे माझ्यासारखा अर्ज हातात घेऊन बसलेल्या इतर कुटुंबांनाही ते वाचता येईल.

आपली विश्वासू,
वारसा यादीतील एका वाड्याची रहिवासी